गेकोच्या पोटात जंत झालेत का? औषधाआधी शी बघा

माझ्या लेपर्ड गेकोचं नाव शेंगदाणा, घरात सगळे दाण्या म्हणतात. आईला पहिल्यांदा व्हिडिओ कॉलवर दाखवला तर ती म्हणाली, "अगं, पैसे देऊन पाल आणलीस?" आणि पुढची दहा मिनिटं पाल अंगावर पडली तर काय होतं ते पंचांगातून वाचून दाखवत बसली. डोक्यावर पडली तर काय, खांद्यावर पडली तर काय, सगळं दिलंय त्यात. पण पालच बारीक व्हायला लागली तर काय करायचं ते कुठल्याच पंचांगात नाही, म्हणून म्हटलं आपणच लिहूया.

मी न्यू जर्सीत राहते. दाण्या एका रेप्टाइल एक्स्पोतून आणला, विकणारा म्हणाला "एकदम हेल्दी आहे, जंतांचं औषध पण दिलंय" आणि मी मान डोलावली, कारण तेव्हा मला गेको म्हणजे हसरं तोंड आणि जाड शेपूट एवढंच माहीत होतं. दोन महिन्यांत वजन ५४ ग्रॅमवरून ४३ वर आलं, आणि गंमत म्हणजे खायला रोज मागायचा, किडे दिसले की तुटून पडायचा. त्या काळात मी जे जे उलटं केलं ते धरूनच खाली लिहितेय, तुमचे तरी पैसे वाचतील.

एक सांगून टाकते, हे सगळं मुख्यतः लेपर्ड गेकोबद्दल आहे, म्हणजे युब्लेफॅरिस मॅक्युलॅरियस, मूळचा अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारताकडचा. भिंतीवर चढत नाही, पापण्या असतात, आपल्या घरातल्या पालीसारखा अजिबात नाही. महाराष्ट्र-गुजरातच्या खडकाळ माळांवर त्याचा एक भाऊबंद आहे, युब्लेफॅरिस फस्कस, तो दिसला तर लांबून बघा, फोटो काढा आणि पुढे जा, घरी आणायचं डोक्यातही आणू नका. क्रेस्टेड गेकोवाल्यांना पण यातलं बरंचसं चालेल, फक्त त्यांची शेपूट चरबी साठवत नाही त्यामुळे शेपटीवरून अंदाज घेऊ नका, कंबरेची हाडं वर आलीत का ते बघा.

पहिलं काम, वजनकाटा

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा चालतो, पण गेकोसाठी वेगळाच घ्या, ०.१ ग्रॅम दाखवणारा मिळाला तर उत्तम. एक हलका डबा ठेवायचा, टेअर दाबायचं, म्हणजे काटा शून्यावर येतो, गेको आत सोडायचा. आठवड्यातून एकदा, एकाच वारी, खायला घालायच्या आधी. मोबाइलमध्ये लिहून ठेवा, डोक्यात ठेवू नका, कारण रोज डोळ्यासमोर असलेलं जनावर बारीक होतंय हे आपल्याला दिसतच नाही, मला माझ्या मैत्रिणीने सांगितलं की अगं याची शेपूट बघ केवढीशी झालीय. मोठा लेपर्ड गेको साधारण ४५ ते ७० ग्रॅमच्या आसपास असतो पण आकड्यापेक्षा तो कुठल्या दिशेने चाललाय ते महत्त्वाचं. एक-दोन ग्रॅम इकडे तिकडे होतातच, एक मोठी शी झाली तरी तेवढा फरक पडतो. सलग तीन-चार आठवडे उतरतच असेल तर मात्र कामाला लागा.

बाकी लक्षणं: शी पातळ होणं, तिला नेहमीपेक्षा घाण वास येणं, त्यात किडे जसेच्या तसे दिसणं, खाल्लेलं उलटून टाकणं, पोट फुगून पाय काडीसारखे होणं, दिवसरात्र लपूनच राहणं. शीमध्ये रक्त दिसलं किंवा मागच्या बाजूने लाल मांसासारखं काही बाहेर आलं तर हा लेख बंद करा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तो बाहेर आलेला भाग ओला राहील एवढंच बघायचं, बाकी काही करायला जाऊ नका.

नॉर्मल शी कशी असते हे नवीन लोकांना माहीतच नसतं म्हणून सांगते. दोन भाग असतात, एक गडद तपकिरी, नीट आकार असलेला, आणि सोबत पांढरट खडूसारखा तुकडा, ती त्यांची घट्ट लघवी, त्याला युरेट म्हणतात. तो पांढरा भाग पिवळाजर्द आणि कडक झाला तर पाणी कमी पडतंय असं समजा. कधीकधी शीमध्ये पांढरे बारीक दोऱ्यासारखे हलणारे जंत चक्क डोळ्यांना दिसतात, पण बहुतेक वेळा काहीच दिसत नाही, आणि काही दिसलं नाही म्हणजे काही नाही असं अजिबात नसतं.

जंतांवर संशय घेण्याआधी

बारीक होण्याची सगळी कारणं पोटातल्या किड्यांपाशी जात नाहीत. सगळ्यात कॉमन कारण म्हणजे ऊब कमी. गेकोचं अन्न बाहेरच्या उष्णतेवर पचतं, पोटाखाली गरम जमीन नसेल तर किडा आत सडतो नाहीतर तसाच बाहेर येतो. गरम बाजूच्या लपायच्या जागेत जमिनीचं तापमान ३१ ते ३३ सेल्सिअस, म्हणजे इकडच्या भाषेत ८८ ते ९१ फॅरेनहाइट पाहिजे. काचेवर चिकटवायचे ते गोल थर्मामीटर हवेचं तापमान सांगतात, तेही अंदाजपंचे. इन्फ्रारेड गन घ्या आणि हीट मॅटला थर्मोस्टॅट लावाच. माझ्याकडे गरम बाजू ८१ फॅरेनहाइट निघाली! दोन महिने मी त्याला अर्धवट थंड ठेवला होता आणि वर विचारत होते की याला झालंय काय.

शिवाय वाळूवर ठेवला असेल तर वाळू पोटात जाऊन अडकू शकते. मादी असेल तर पोटात अंडी असू शकतात, खालून बघितलं तर दोन गोल दिसतात. प्रजननाच्या दिवसांत नर महिनाभर खात नाहीत पण त्यांची शेपूट जाडच राहते. खातोय भरपूर आणि तरी उतरतोय, असं असेल तर पोटातल्या पाहुण्यांचा नंबर वर लागतो.

सेटअप बदला, आजच

संशय आला त्या दिवशी टँकमधली माती, वाळू, शोभेची झाडं, लाकडं सगळं बाहेर. खाली साधा किचन पेपर टॉवेल. लपायला प्लॅस्टिकचे डबे, दही-आइस्क्रीमचे पण चालतात, एका बाजूने दार कापायचं. एक ओलसर डबा कात टाकायला, एक पाण्याची वाटी, संपलं. दिसायला हॉस्पिटलसारखं दिसतं, पण शी लगेच सापडते, आणि घाण झालेला कागद उचलून फेकता येतो.

घरात दुसरे गेको असतील तर याला वेगळ्या खोलीत हलवा, चिमटा वेगळा, वाट्या वेगळ्या, आणि कामाचा क्रम कायम असा की आधी धडधाकट जनावरं आणि आजारी सगळ्यात शेवटी. नवीन आणलेल्या कुठल्याही गेकोला पण हेच, ६० ते ९० दिवस. हो, तीन महिने. मी दाण्याच्या वेळी शून्य दिवस केले, तेव्हा दुसरा कोणी नव्हता म्हणून निभावलं.

शी गोळा करणे, आणि यात लाजायचं काही नाही

लेपर्ड गेकोची एक भारी सवय म्हणजे तो ठरलेल्या एकाच कोपऱ्यात शी करतो, त्यामुळे सॅम्पल मिळवणं सोपं आहे. पण माझं पहिलं सॅम्पल वाया गेलं कारण मी वाळून कडंग झालेली दोन दिवसांची शी कागदात गुंडाळून नेली, आणि डॉक्टरबाईंनी ती बघून इतक्या सभ्यपणे नाही म्हटलं की मलाच वाईट वाटलं.

तर असं करायचं. ताजी शी, शक्यतो त्याच दिवसाची, पांढऱ्या भागापेक्षा तपकिरी भाग महत्त्वाचा. छोट्या झाकणाच्या डबीत किंवा झिपवाल्या पिशवीत टाका, वाळू नये म्हणून सोबत ओल्या टिश्यूचा छोटा तुकडा, साध्या पाण्याने ओला केलेला. लगेच जाता येत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा, २४ तासांच्या आत पोचवा, फ्रीझरमध्ये ठेवू नका. फ्रिजमध्ये ठेवताना डबीवर नाव लिहा हे वेगळं सांगायला नको, पण सांगतेय, कारण आमच्याकडे ती डबी चटणीच्या डबीशेजारी होती आणि नवऱ्याने ती उघडली.

डॉक्टर साधारण दोन प्रकारे बघतात. एक म्हणजे डायरेक्ट स्मिअर, थोडी शी काचेवर सलाइनमध्ये कालवून मायक्रोस्कोपखाली, त्यात पळणारे फ्लॅजेलेट (बारीक शेपटीने पोहणारे एकपेशीय जीव) जिवंत असतील तरच ओळखू येतात, म्हणून ताजेपणाचा एवढा हट्ट. दुसरं फ्लोटेशन, म्हणजे शी साखरेच्या किंवा मिठाच्या दाट द्रावणात मिसळतात, अंडी हलकी असल्याने वर तरंगतात आणि काचेला चिकटतात. दोन्ही करायला सांगा. एका रिपोर्टमध्ये काही सापडलं नाही तरी दोन आठवड्यांनी परत द्या, किडे काही रोज नेमाने अंडी टाकत नाहीत.

कुत्र्या-मांजरांचे सगळे डॉक्टर सरपटणारे प्राणी बघत नाहीत. अमेरिकेत असाल तर असोसिएशन ऑफ रेप्टिलियन अँड अँफिबियन व्हेटर्नेरियन्सच्या साइटवर आपल्या भागातले डॉक्टर शोधता येतात, मला तिथूनच मिळाल्या.

रिपोर्टमध्ये काय काय निघतं

पिनवर्म, म्हणजे ऑक्सियुरिड. सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार. शीतून अंडी बाहेर पडतात आणि चाटण्याखाण्यातून परत तोंडात जातात, मध्ये दुसरं कुठलं जनावर लागत नाही, त्यामुळे घाण टँकमध्ये आकडा वाढतच जातो. थोडे असतील आणि गेको गुटगुटीत असेल तर बरेच डॉक्टर औषध देतच नाहीत, फक्त लक्ष ठेवायला सांगतात, आणि मला ते पटतं. अजून एक गंमत म्हणजे झुरळांचे आणि रातकिड्यांचे स्वतःचे पण पिनवर्म असतात, गेकोने तो किडा खाल्ला की ती अंडी नुसती प्रवास करून शीतून बाहेर येतात आणि रिपोर्टमध्ये दिसतात, गेकोला काहीच झालेलं नसतं. हा फरक अनुभवी डोळ्यालाच कळतो, घरी शंभर डॉलरचा मायक्रोस्कोप आणून आपण निदान करू या भ्रमात राहू नका. मी आणला होता. सध्या पोरगी त्यात कांद्याची साल बघते.

कॉक्सिडिया, म्हणजे आयमेरिया वगैरे. हे जंत नव्हेत, एकपेशीय जीव आहेत, आतड्याच्या पेशींमध्ये घुसून वाढतात. पिल्लांना जास्त त्रास, पातळ शी, वजन उतरणं. पण यांची एक कमजोर बाजू आहे, यांचे ऊसिस्ट, म्हणजे अंड्यासारखे कवचवाले दाणे, शीतून बाहेर पडल्यावर लगेच रोग पसरवत नाहीत, त्यांना बाहेर पिकायला थोडा वेळ लागतो, साधारण एक-दोन दिवस. म्हणजे रोजच्या रोज शी उचललीत तर अर्धी लढाई औषधाशिवाय जिंकली.

फ्लॅजेलेट थोडेफार बऱ्याच गेकोंत असतात. एरवी गप्प राहतात, जनावर थंडीने, प्रवासाने, गर्दीने ताणात आलं की माजतात. अमीबा, विशेषतः एंटअमीबा इन्व्हेडेन्स, जास्त वाईट, कासवं स्वतः ठणठणीत राहून तो बाळगू शकतात, म्हणून कासव आणि गेकोची भांडी कधीही एकत्र धुवू नका.

टेपवर्म (चपटे, पट्टीसारखे जंत) आणि पेंटास्टोम (जंतासारखे दिसणारे परजीवी) हे रानातून पकडून आणलेल्या जनावरांत जास्त. पेंटास्टोम खरं तर फुप्फुसात राहतात पण त्यांची अंडी खोकल्यातून गिळली जाऊन शीत येतात. काही जाती झुरळांमधून पसरतात, म्हणून घरातलं, अंगणातलं झुरळ पकडून गेकोला देऊ नका, विकतचे पाळलेले किडेच द्या.

आणि क्रिप्टो, हाही एकपेशीयच, पण सगळ्यात वाईट. त्याच्याबद्दल खाली वेगळं लिहिलंय.

औषध

आपल्याकडे लहानपणी जंत म्हटलं की वावडिंग, आणि आता शाळेत सगळ्या पोरांना सरसकट जंतांची गोळी देतात, त्यामुळे आपल्या डोक्यात बसलंय की जंतांचं औषध म्हणजे दिलं तर फायदा, नाही झाला तर नुकसान काही नाही. गेकोच्या बाबतीत हे डोक्यातून काढून टाका. वावडिंग, ओवा, लसूण, कडुलिंबाचा रस यातलं काहीही द्यायचं नाही, आणि पॅरासाइट, म्हणजे पोटातला परजीवी, कुठला ते कळल्याशिवाय दुकानातलं औषधही नाही, कारण पिनवर्मचं औषध कॉक्सिडियाला लागू पडत नाही आणि कॉक्सिडियाचं टेपवर्मला.

ढोबळमानाने, पिनवर्म आणि तत्सम गोल जंतांना फेनबेंडाझोल, टेपवर्मला प्राझिक्वांटेल, फ्लॅजेलेट आणि अमीबाला मेट्रोनिडाझोल, कॉक्सिडियाला पोनाझुरिल, टोल्ट्राझुरिल किंवा सल्फाडायमेथॉक्सिन. सल्फा देताना अंगात पाणी भरपूर पाहिजे नाहीतर किडन्यांवर ताण येतो. मेट्रोनिडाझोल जास्त झालं तर मज्जासंस्थेवर परिणाम होतो, जनावर तोल जाऊन लडबडतं. फेनबेंडाझोल जास्त झालं तर बोन मॅरोवर. आयव्हरमेक्टिन कासवांना तर जीवघेणंच आहे, घरात कासव असेल तर ते औषध आसपाससुद्धा नको.

डोस हा प्रकार किती नाजूक आहे ते एका हिशोबात सांगते. लोक घोड्यांची फेनबेंडाझोल पेस्ट आणतात, १० टक्के, म्हणजे १ ग्रॅम पेस्टमध्ये १०० मिलीग्रॅम औषध. समजा डॉक्टरांनी किलोला ५० मिलीग्रॅम असा डोस धरला आणि तुमचा गेको ५० ग्रॅमचा आहे, तर त्याला लागलं २.५ मिलीग्रॅम औषध, म्हणजे ०.०२५ ग्रॅम पेस्ट. मिरीच्या दाण्याहूनही कमी! "वाटाण्याएवढी द्या" असं कोणी सांगितलं तर तो तुमच्या गेकोला दहा-वीसपट डोस द्यायला सांगतोय. डॉक्टर हेच औषध पातळ करून, सुईशिवायच्या सिरिंजमध्ये भरून देतात, त्याचे पैसे द्या आणि गप्प घरी या.

पाजायची ट्रिक सोपी आहे. तोंड उघडायची झटापट करू नका, जबडा नाजूक असतो. नाकाच्या शेंड्यावर, ओठाच्या कडेला एक थेंब ठेवा, गेको जीभ काढून चाटतो. चाटून झालं की दुसरा थेंब. मेट्रोनिडाझोल कडू असतं, त्याला दाण्याच्या ओळखीतल्या एका गेकोने असं तोंड फिरवलं म्हणे की शेवटी इंजेक्शनच्या गोष्टी निघाल्या.

दाण्याला निघाले पिनवर्म, भरपूर. फेनबेंडाझोल एकदा, मग १४ दिवसांनी परत. दुसरा डोस का, तर मधल्या काळात गिळलेल्या अंड्यांतून नवीन जंत तयार होतात, ते अंडी घालायच्या आत त्यांना गाठायचं. लोक इथेच चुकतात, पहिल्या डोसनंतर गेको टवटवीत दिसला की दुसरा देतच नाहीत.

औषध चालू असताना पाणी रोज ताजं. अंग सुकलं असेल तर कोमट पाण्यात, पोटापर्यंतच बुडेल एवढ्या, १० ते १५ मिनिटं बसवा, समोर बसून. अगदीच खात नसेल तर मांसाहारी प्राण्यांची पावडरवाली रिकव्हरी डाएट मिळते, ती डॉक्टरांना विचारून. थंड पडलेल्या गेकोला मात्र आधी ऊब आणि मगच खाणं.

साफसफाई, खरं औषध हेच

शी दिसली की उचला, कागद बदला. रात्री न खाल्लेले रातकिडे टँकमध्ये सोडून झोपू नका, ते शी खातात आणि मग गेको त्यांना खातो, म्हणजे जंतांची घरपोच सेवा. वाट्या आणि डबे रोज गरम पाणी-साबण, आठवड्यातून एकदा उकळतं पाणी किंवा स्टीम क्लीनर, मग खडखडीत वाळवायचं. ब्लीचवर फार विसंबू नका, बॅक्टेरियाला ठीक आहे पण कॉक्सिडिया आणि क्रिप्टोचे ऊसिस्ट ब्लीचमधून आरामात वाचतात. अमोनिया चालतो, पण अमोनिया आणि ब्लीच कधी, चुकूनही, एकत्र नाही, विषारी वायू होतो, गेकोआधी तुम्ही जाल. लाकूड आणि कॉर्कच्या भेगांत घाण बसते, ते सरळ फेकून द्या, वीस डॉलरच्या ओंडक्यासाठी जीव अडकवू नका.

क्रिप्टो

हे लिहायला नको वाटतं. क्रिप्टोस्पोरिडियम व्हॅरानाय, पालींच्या लहान आतड्यात बसतो, अन्न अंगाला लागूच देत नाही. शेपटीचं हाड दिसेपर्यंत गेको सुकतो, पेन्सिलसारखी शेपूट, इकडे त्याला स्टिक टेल म्हणतात. शीतून बाहेर पडणारे ऊसिस्ट ४ ते ५ मायक्रॉनचे, साध्या तपासणीत सहज सुटतात, आणि कॉक्सिडियासारखे बाहेर पिकत बसत नाहीत, पडल्या क्षणापासून संसर्ग करतात. म्हणून शेपूट झपाट्याने गेलेली असेल तर वेगळी पीसीआर टेस्ट किंवा अ‍ॅसिड फास्ट स्टेन (शीला खास रंग देऊन तपासणं) मागा, आणि दोन-तीन वेळा करा. घाबरवायला नाही पण अजून एक, गेकोला उंदराचं पिल्लू खायला घातलं असेल तर उंदराचा क्रिप्टो शीतून येऊन टेस्ट फसू शकते, तेव्हा जात कुठली ते लॅबकडून कळलं पाहिजे.

याला खात्रीचा इलाज नाही. पॅरोमोमायसिन देतात, त्याने काही जनावरं सावरतात, वजन धरतात, पण आजार मुळातून गेला असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही. असा गेको आयुष्यभर एकटा, त्याची भांडी वेगळी, तो कोणाला द्यायचा नाही, विकायचा तर मुळीच नाही. काही जण डॉक्टरांशी बोलून शांतपणे झोपवायचा निर्णय घेतात आणि जनावर रोज सुकत असेल तर मी त्यांना नावं ठेवणार नाही. अचानक गेला आणि बाकीच्या गेकोंसाठी कारण कळायला हवं असेल तर त्याला फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको, आणि लगेच शवविच्छेदनाला न्या, गोठवलेल्या आतड्यातून नीट काही दिसत नाही.

नंतरची तपासणी आणि आपले हात

शेवटच्या डोसनंतर दोन-तीन आठवड्यांनी परत शी. तो रिपोर्ट आल्याशिवाय माती, झाडं, शोभा काही परत ठेवू नका. पुढे वर्षातून एकदा. दाण्याचे दोन रिपोर्ट क्लीन आले तरी वजन मात्र हळूहळू चढलं, ५० च्या वर जायला चार महिने लागले, आणि मी घाईघाईने मेणअळ्या खायला घालून त्याची चव बिघडवली ती वेगळीच, आता रातकिड्याकडे बघून तोंड फिरवतो.

गेकोचे पिनवर्म आपल्याला होत नाहीत, पण साल्मोनेला होतो आणि तो ठणठणीत गेकोच्या अंगावरही असू शकतो. हात लावला की साबणाने हात धुवायचे, ५ वर्षांखालच्या मुलांना हाताळू द्यायचा नाही, आणि त्याच्या वाट्या स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये अजिबात नाहीत. आमच्याकडे गॅरेजमध्ये वेगळी बादली आहे. आई उन्हाळ्यात येणारे, तिने तिकिटाच्या आधी त्या बादलीचा फोटो मागवला.